जाईला गौरीत कुत्रं लागलं, तिथून तुळशीच्या लग्नापर्यंत

आमची जाई चार वर्षांची, आई लॅब्रेडॉर आणि बाप गावठी, रंग फिक्कट पिवळा, वजन २४ किलोच्या आसपास. आम्ही वाईत राहतो, घर जुनं, पुढे अंगण आणि लोखंडी गेट. गेल्या पावसाळ्यात तिचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन करून टाकायचं ठरलं होतं, पण नेमका तेव्हाच तिला गोचीडताप झाला आणि प्लेटलेट इतक्या खाली गेल्या की डॉक्टर मॅडम म्हणाल्या आत्ता कापायचं नाही, रक्त थांबणार नाही, आधी महिनाभर गोळ्या पूर्ण करा मग परत रक्त तपासू. गोळ्या संपल्या, जीव जरा हुशारला, आणि भाद्रपद लागता लागता बाई हीटवर, म्हणजे माजावर आल्या.

भाद्रपद आणि कुत्री हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. घरातल्या कुत्र्या वर्षात कधीही, साधारण सहा-सात महिन्यांनी हीटवर येतात, पण रस्त्यावरच्या बऱ्याचशा पावसाच्या शेवटाला एकदमच येतात आणि मग थंडीत जिथे तिथे पिल्लं दिसतात. जाई यावेळी नेमकी त्यांच्याच सोबत आली, त्यामुळे आमच्या गल्लीतच नाही तर पलीकडच्या आळीतले नरसुद्धा गेटसमोर मुक्कामाला. रात्रभर रडणं, भांडणं, सकाळी दूधवाल्याला आत यायला जागा नाही.

एक गोष्ट इथेच सांगते कारण बऱ्याच घरांत हे उलटं समजलं जातं. पहिले काही दिवस रक्त जातं, फरशीवर थेंब पडतात, तेव्हा आपण सगळेच जपतो, चड्डी घालतो, दारं लावतो, आणि साधारण नऊ-दहा दिवसांनी रक्त कमी होऊन फिक्कट गुलाबी, पाणचट यायला लागलं की घरातले म्हणतात चला, संपलं एकदाचं. संपलेलं नसतं, खरे धोक्याचे दिवस तिथून सुरू होतात आणि पुढचा आठवडा-दीड आठवडा चालतात. पहिल्या आठवड्यात जाई कुठलाही नर जवळ आला की गुरगुरायची, खाली बसून घ्यायची. मग एका सकाळी गल्लीतल्या तांबड्याने गेटच्या गजांतून नाक आत घातलं तर हिने शेपूट एका बाजूला घेतली आणि पाठ करून शांत उभी राहिली. हीच ती खूण.

गौरीपूजनाच्या संध्याकाळी घरात हळदीकुंकवाची गर्दी, बायकांची ये-जा, गेट सारखं उघडबंद, जाई मागच्या खोलीत कडी लावून ठेवलेली. पोरंटोरं बरीच होती, त्यांच्यातल्या कुणीतरी ती कडी काढली असणार. मागच्या अंगणातून ओरडा आला तेव्हा मी धावले, तर जाई आणि तांबडा पाठीला पाठ लावून अडकलेले. जाई केकाटत होती, एकाने पाण्याची बादली आणलेली, एकजण काठी शोधत होता, सासूबाई म्हणतायत अगं ओढा तिला ओढा.

मी आधी मॅडमना फोन लावला आणि त्यांनी पहिलं वाक्य हेच सांगितलं की कुणी हात लावायचा नाही. नराच्या लिंगाच्या मुळाशी एक गाठ असते, ती आत गेल्यावर फुगते आणि मादीचे स्नायू ती आवळून धरतात, त्यामुळे ते अडकतात. पाच मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत कितीही वेळ, कधी त्याहून जास्त. ओढलं, मारलं, थंड पाणी टाकलं तर घाबरून पळायला बघतात आणि दोघांनाही फाटतं, रक्तस्राव होतो. आणि अडकेपर्यंत वीर्य बरंचसं आत गेलेलंच असतं, त्यामुळे सोडवून पिल्लं थांबतात असंही नाही. मग मी सगळ्यांना घरात पाठवलं, जाईच्या तोंडाशी बसले, तिचा पट्टा हातात सैल धरला म्हणजे ती एकदम झटका देऊन पळू नये, आणि बोलत राहिले तिच्याशी. थोड्या वेळाने आपोआप सुटले. तांबडा गेटमधून निघून गेला, जाई कोपऱ्यात जाऊन चाटत बसली, मग भरपूर पाणी प्यायली आणि गाढ झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दवाखान्यात. मला वाटत होतं काहीतरी इंजेक्शन असेल, देतील, विषय संपेल. विषय असा संपत नाही. मॅडमनी आधी जखमा बघितल्या, आत कुठे फाटलंय का, मानेवर दात लागलेत का. मानेवर एक ओरखडा होता, कधीकधी नर मानेला दात लावतो ना. जाईचं रेबीजचं लसीकरण झालेलं होतं तरी बाहेरच्या अनोळखी कुत्र्याचा दात लागलाय म्हणून लगेच बूस्टर दिला. हे कुणाच्या डोक्यात येत नाही, सगळे पिल्लांचा विचार करत असतात.

मग बोलणं झालं पोटाबद्दल. आमच्या ओळखीतल्या एकाने रात्रीच सल्ला दिला होता की मेडिकलमधून ती बायकांची ७२ तासांची गोळी आणून द्या. मॅडम एरवी शांत असतात, हे ऐकून मात्र आवाज चढला त्यांचा. कुत्रीचं चक्र माणसासारखं नसतं. तिचं बीज सुटतं तेव्हा कच्चं असतं, त्याला पिकायला दोन-तीन दिवस लागतात, नराचं वीर्य आत पाच-सात दिवस जिवंत राहतं, त्यानंतर फळलेली बीजं नळीतून हळूहळू गर्भपिशवीत येतात आणि पिशवीला चिकटायला अडीच-तीन आठवडे जातात. म्हणजे तासांचा हिशोब इथे लागूच होत नाही. आणि बाहेरून असे हार्मोन पोटात गेले तर पिशवीत पू होण्याचा धोका वाढतो. पूर्वी इस्ट्रोजेनचं इंजेक्शन द्यायचे अशा वेळी, काही ठिकाणी अजूनही कुणी देतं, पण त्याने पिशवीत पू तर होऊ शकतोच शिवाय हाडातला मगज दबून रक्त तयार होणंच थांबू शकतं. ज्या कुत्रीच्या प्लेटलेट आत्ताच कुठे वर येतायत तिला ते द्यायचा प्रश्नच नव्हता. म्हणून कुणी फोनवर पटकन एक सुई मारून घ्या म्हणालं तर आधी विचारा की त्या सुईत काय आहे.

रस्ते तीन सांगितले. हीट पूर्ण उतरली की ऑपरेशन, त्यात गर्भपिशवी आणि अंडाशय दोन्ही निघतात, गर्भ असला तरी तो तिथेच थांबतो. किंवा थांबायचं, साधारण महिन्याने सोनोग्राफी करायची, आणि गाभण निघाली तर औषधांनी गर्भ पाडायचा, तेही देखरेखीखाली, बरेच दिवस चालणारं काम. किंवा होऊ द्यायची पिल्लं. जाईचं रक्त बघता पहिला रस्ता लगेच शक्य नव्हता, हीटमध्ये तिथल्या रक्तवाहिन्या भरलेल्या असतात त्यामुळे एरवीपेक्षा जास्त रक्त जातं, त्यात हिच्या प्लेटलेट. म्हणून आम्ही सोनोग्राफीपर्यंत थांबायचं ठरवलं.

घरात यावरून बरीच बोलाबोली झाली. सासूबाईंचं म्हणणं गौरीच्या दिवशी झालंय, पाडापाडी करायची नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या कुत्रीला एकदा तरी विऊ द्यावंच लागतं, नाहीतर ती आजारी पडते. हे मी इतक्यांदा ऐकलंय आयुष्यात की मला ते खरंच वाटायचं, पण मॅडमनी स्पष्ट सांगितलं की एकदा व्यायल्याने कुत्रीच्या तब्येतीला काडीचा फायदा होत नाही. माझी काळजी वेगळी होती. सहा-सात पिल्लं झाली, त्यातल्या चार माद्या, तर आमच्या गावात मादी पिल्लू कोण नेतं? नेलं तरी सहा महिन्यांत पहिल्या हीटला रस्त्यावर सोडतात. हे मी पाहिलंय आणि ते माझ्याच्याने बघवत नाही. पण आतून हेही वाटायचं की असलीच पिल्लं तर ती काय वाईट करतायत कुणाचं. दोन्ही वाटायचं, एकाच वेळी.

तोपर्यंत हीट संपलेली नव्हती हे विसरून चालणार नव्हतं. एकदा लागलं म्हणून मादीची ओढ कमी होत नाही, जाई उलट जास्त दाराकडे धावायची. या दिवसांत दुसरा नर लागला तर एकाच वेतात दोन बापांची पिल्लं होऊ शकतात. कुत्र्यांत हे होतं, म्हणूनही कधीकधी रस्त्यावरच्या एका वेतात एक काळं एक तांबडं एक ठिपक्याचं दिसतं. त्यामुळे विसर्जन होईपर्यंत आणि पुढे पितृपक्ष लागून गेला तरी मागच्या दाराला कुलूप, फिरायला पहाटे आणि रात्री उशिरा, आखूड पट्ट्यावर. नर जवळ आला की परत गुरगुरायला लागली तेव्हा सुटकेचा श्वास टाकला.

आणि मग सुरू झाला तो काळ ज्याबद्दल मला खरं सांगायचंय, कारण त्या दिवसांत घरातला प्रत्येक माणूस जाईकडे बघून निदान करत होता.

आधी ती आळसावली. एरवी सकाळी माझ्या आधी उठणारी, आता ऊन अंगावर येईपर्यंत पसरलेली. मला चिकटून राहायला लागली, स्वयंपाकघरात पायात पाय. नवरात्र बसायच्या सुमारास खाणं कमी झालं, चपाती-दूध हुंगून बाजूला, एक-दोनदा पिवळं पाणी ओकली. सासूबाई म्हणाल्या डोहाळे लागले. पोटाखालची बोंडं गुलाबी होऊन जरा फुगली. सासूबाईंचे भाऊ, आमचे मामा, त्यांचा गोठा आहे, गाई-म्हशींत आयुष्य गेलं, ते आले तेव्हा त्यांनी जाईला आडवी करून हात फिरवला आणि म्हणाले सूनबाई ही गाभण आहे, कास धरायला लागलीय, माझा हात खोटं सांगत नाही. मामांचा हात गाईच्या बाबतीत खरंच खोटं सांगत नाही, तालुक्यातून लोक त्यांना बोलावतात. मलाही पटलं. सगळंच जुळत होतं की.

मॅडमना फोन करून हे सगळं सांगितलं तर त्या म्हणाल्या यातल्या एकाही गोष्टीवरून मी काही सांगू शकत नाही. कारण असं की हीट संपल्यावर कुत्रीच्या अंगात प्रोजेस्टेरॉन वाढतं, गर्भ धरण्यासाठी लागतं तेच, आणि ते जवळजवळ दोन महिने वरच राहतं, गर्भ असो की नसो. बाईमध्ये गर्भ राहिला नाही की दोन आठवड्यांत शरीर ते ओळखतं आणि पाळी येते. कुत्रीत तसं नाही. तिच्या शरीराला गाभण असणं आणि नसणं यातला फरक कळत नाही, त्यामुळे आळस, भूक जाणं, बोंडं फुगणं, चिकटणं हे सगळं दोन्हीकडे सारखंच होऊ शकतं. नणंदेने पुण्याहून माणसांची लघवी तपासायची पट्टी आणली होती, तीही फुकट, त्या पट्टीला जे हार्मोन लागतं ते कुत्री तयारच करत नाही. कुत्रीसाठी रक्ताची वेगळी टेस्ट असते, रिलॅक्सिनची, पण तीही महिना होत आल्यावरच खरी ठरते.

म्हणजे महिनाभर नुसतं थांबायचं. पण थांबतानाही काय करायचं नाही याची यादी होती. गोचीडतापाचं औषध लक्षण दिसलं तरी आपल्या मनाने सुरू करायचं नाही, त्यातली डॉक्सीची गोळी पोटातल्या पिल्लांच्या हाडादातांना चालत नाही. जंताचं औषध विचारल्याशिवाय नाही. आणि कॅल्शियमचं सिरप बंद, जे सासूबाईंनी मामांच्या गोठ्यातून आणून दोन दिवस पाजलंही होतं. गाभणपणात बाहेरून कॅल्शियम ओतलं तर शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढायचं विसरतं आणि व्याल्यावर दूध सुरू झालं की रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली जाऊन कुत्री थरथरते, झटके येतात, जीवही जातो. सासूबाईंनी हे ऐकलं आणि बाटली कपाटावर ठेवून दिली, पण अंडी, दूध, शेवया चालूच, त्यामुळे भूक परत आल्यावर जाईचं पोट सुटायला लागलं ते वेगळंच. ते बघून मामा परत म्हणाले, बघा.

दसऱ्याच्या आसपास शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालयात घेऊन गेलो. वाईहून सुरूर, तिथून खंबाटकीचा बोगदा आणि पुढे शिरवळ, जाई गाडीत खिडकीला नाक लावून मजेत. तिथे पोटावरचे केस काढले, थंड जेल लावलं, आणि मी तिचं डोकं मांडीवर घेऊन पडद्याकडे बघत होते. साधारण २५ दिवसांच्या पुढे पिल्लं असतील तर काळ्या पिशव्या दिसतात आणि त्यात लुकलुकणारं हृदय दिसतं. डॉक्टरांनी मूत्राशय दाखवलं, काळा मोठा गोल, त्याच्या आजूबाजूला बराच वेळ फिरवलं आणि म्हणाले गर्भ दिसत नाहीये. मी विचारलं नक्की का. ते म्हणाले आजच्या दिवसाला दिसत नाहीये, पण जुगण्याची तारीख म्हणजे गर्भ राहण्याची तारीख नव्हे, बीज चार-सहा दिवसांनी सुटलं असेल तर गर्भ अजून लहान असेल, आठवड्याभराने परत बघू. याच कारणाने व्यायचा दिवसही जुगल्यापासून ५७ पासून ७२ पर्यंत कुठेही पडू शकतो, ६३ ही नुसती सरासरी. मला त्यांचं हे थांबणं आवडलं, घाईने हो किंवा नाही म्हणाले नाहीत.

कोजागिरी झाल्यावर परत गेलो. परत काही नाही. पिशवी बारीक, पाणी नाही, पू नाही. घरी येताना घाट चढताना मी रडले थोडी, कशासाठी ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. घरी सांगितलं तर मामा म्हणाले मशीन चुकतं.

आणि वसुबारसेला जाईला दूध आलं.

म्हणजे त्याच्या आधी दोन-तीन दिवस ती पलंगाखाली उकरत होती, फरशी उकरायची, चादर ओढून गोळा करायची. दिवाळीची साफसफाई चाललेली त्यात हिने माझ्या मुलाचा जुना कापडी हत्ती आणि दोन मोजे पळवले आणि पलंगाखाली नेऊन त्यांच्याभोवती वेटोळं करून बसली. मुलगा हत्ती घ्यायला वाकला तर दात दाखवले, जी जाई त्याच्या ताटातलं त्याला विचारल्याशिवाय खात नाही. फटाके वाजले की एरवी बाथरूममध्ये पळते, यावेळी थरथरत होती पण हत्ती सोडून हलली नाही. संध्याकाळी सासूबाई गाय-वासराची पूजा करून आल्या आणि म्हणाल्या अगं हिच्या खालची चादर ओली कशाने, बघितलं तर शेवटच्या बोंडांतून पांढरं दूध.

त्या रात्री घरात मी सोडून सगळ्यांची खात्री झाली. खोकं आणलं, गोणपाट घातलं. आणि मी दोन सोनोग्राफीचे कागद हातात घेऊन बसले होते आणि माझाही विश्वास डळमळला, कारण समोर दूध दिसतंय, घरटं दिसतंय, आई झालेली कुत्री दिसतेय.

मॅडमनी सांगितलं ही खोटी गाभण. दोन महिने वर असलेलं प्रोजेस्टेरॉन खाली येतं तेव्हा दूध आणणारं प्रोलॅक्टिन वर चढतं, हीटनंतर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी. ज्या कुत्रीला नर लागलाच नाही तिलाही हे होतं. यात ती नाटक करत नसते, तिच्यासाठी ती पिल्लं खरीच असतात, म्हणून हत्ती ओढून घेऊ नका, ती फिरायला बाहेर गेली की गुपचूप उचला. दूध पिळायचं नाही, गरम शेक नाही, हळदीचा लेप नाही, कारण हात लागला किंवा तिने स्वतः चाटलं की शरीराला वाटतं कुणीतरी पितंय आणि अजून दूध येतं. तिला चाटता येऊ नये म्हणून मुलाचा जुना टी-शर्ट पोटावर घट्ट बांधला, खाणं थोडं कमी केलं, पाणी मात्र अजिबात तोडलं नाही, आणि फिरणं वाढवलं. रोज बोंडं बघायची, कुठलं दगडासारखं कडक, लाल, गरम झालं किंवा दुधाचा रंग बदलला तर लगेच दवाखाना. एक डाव्या बाजूचं जरा कडक लागलं तेव्हा ताप मोजला, १०२ भरला. कुत्र्याचा १०१ ते १०२.५ नॉर्मलच असतो हे आधी माहीत होतं म्हणून रात्री धावाधाव झाली नाही, सकाळी दाखवलं, नुसतं दूध साठलेलं होतं.

पण दूध कमी होत नव्हतं आणि जाई जेवेना, हत्ती उचलल्यावर घरभर शोधत कण्हत फिरायची, ते ऐकवत नव्हतं. त्यावर कॅबरगोलिन नावाची गोळी असते, प्रोलॅक्टिन खाली आणते, वजनावर मोजून अगदी बारीक तुकडा देतात. पण तीच गोळी गाभण कुत्रीला दिली तर गर्भ पडतो. म्हणून मॅडम म्हणाल्या देण्याआधी एक एक्सरे काढू, आता दिवस इतके भरलेत की पिल्लं असतील तर त्यांची हाडं स्वच्छ दिसतील, ४५ दिवसांच्या पुढे हाडं दिसायला लागतात आणि ५५ च्या पुढे तर मोजता येतात.

भाऊबीज झाल्यावर काढला. मामाही आले सोबत, मीच म्हणलं चला. फिल्म उजेडाला लावली, मॅडमनी जाईचा कणा दाखवला, बरगड्या दाखवल्या, पोटात गॅस आणि भरपूर शी दाखवली. दुसरा कणा नाही, दुसरी कवटी नाही. मामा बराच वेळ जवळ जाऊन बघत होते. मग म्हणाले गाईत असं होत नाही हो डॉक्टर. मॅडम म्हणाल्या बरोबर आहे मामा, गाईत गर्भ नसला की ती एकवीस दिवसांनी परत माजावर येऊन सांगते, कुत्री सांगत नाही. एवढं बोलणं झाल्यावर मामांनी घरी येऊन स्वतः ते खोकं उचललं.

गोळीने पहिल्या दिवशी एक उलटी झाली, मग जेवणानंतर द्यायला लागलो. आठवड्याच्या आत दूध आटत गेलं, हत्तीची आठवण गेली. तुळशीचं लग्न, म्हणजे जो दिवस घरच्यांनी व्यायचा म्हणून कालनिर्णयवर गोल करून ठेवला होता, तो नुसता तुळशीच्या लग्नासारखा गेला. सासूबाईंना वाईट वाटलं, त्यांनी लपवलं नाही आणि मला ते बरं वाटलं.

मी मात्र अजून सैल झाले नव्हते, कारण हीटनंतरचे दोन-अडीच महिने पायोमेट्राचे, म्हणजे पिशवीत पू होण्याचे. जुगलेली असो नसो. खूप पाणी पिणं, सारखी लघवी, मलूल होणं, उलट्या, खालून घाण वासाचा स्राव, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवायचं. आणि सगळ्यात वाईट प्रकारात स्राव बाहेर येतच नाही, पिशवीचं तोंड बंद असतं आणि पू आतच साठतो, बाहेरून फक्त कुत्री सुस्त दिसते. दवाखान्यात एक जर्मन शेफर्ड बघितली होती अशी, मालकाला वाटलं होतं गाभण आहे म्हणून पोट वाढलंय. जाई दुधाच्या दिवसांत पाणी जास्त प्यायची म्हणून मी मापाच्या भांड्याने पाणी ओतायला लागले आणि रक्तही तपासून घेतलं. पांढऱ्या पेशी ठीक होत्या, प्लेटलेटही आता वर आलेल्या.

आता तांबड्याचं. मॅडमनी पहिल्याच दिवशी टीव्हीटीबद्दल सांगितलं होतं. हा कुत्र्यांचा कॅन्सर जुगण्यातून, हुंगण्या-चाटण्यातून एकाकडून दुसऱ्याकडे जातो, जंतू नाही तर कॅन्सरच्या जिवंत पेशीच इकडून तिकडे जाऊन रुजतात, आणि काही हजार वर्षांपूर्वी एकाच कुत्र्यात सुरू झालेल्या त्या पेशी आजपर्यंत अशाच फिरतायत. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांत तो भरपूर आहे. दिवाळीनंतर तांबड्याच्या खालून रक्ताचे थेंब पडताना मुलाने पाहिले. गावातली काही पोरं रस्त्यावरच्या कुत्र्यांचं बघतात, त्यांच्या मदतीने त्याला जाळीत धरून दवाखान्यात नेलं, आणि तेच निघालं, आत फुलकोबीसारखी लालसर गाठ.

माझ्या पोटात गोळा आला. मॅडम म्हणाल्या घाबरू नका, हा बऱ्यापैकी बरा होणारा कॅन्सर आहे, विन्क्रिस्टीनचं सलाईन आठवड्याला एक, असे साधारण चार ते सहा आठवडे, बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. जाईत रुजला असेल तर दिसायला दोन महिने लागतात, कधी सहाही. हीट नसताना खालून रक्त दिसलं, ती सारखी चाटत बसली, तर आणा. तांबड्याचा खर्च आम्ही आणि काकूंनी मिळून केला, काकू म्हणाल्या जावईच आहे तो, आणि त्या हे मनापासून म्हणाल्या. दर आठवड्याला त्याला धरणं हे वेगळंच प्रकरण, पहिल्यांदा चावायला आला, नंतर नंतर अंड्यासाठी स्वतः गाडीत चढायचा. त्याच्या लघवीत ते औषध उतरतं म्हणून त्याला आणताना हातमोजे घालायचो आणि गाडी धुवायचो.

जाईचं ऑपरेशन माघात झालं. मॅडमनी मुद्दाम दूध पूर्ण आटू दिलं, खोटी गाभण चालू असताना अंडाशय काढले तर ती अवस्था लांबत राहू शकते म्हणे, आणि पुढची हीट यायच्या आधी करायचं होतं, म्हणजे मधला शांत काळ. भूल चढल्यावर त्यांनी आतून बोट घालून नीट तपासलं, गाठ नाही. पिशवी काढल्यावर मला बोलावून दाखवली, दोन बारीक नळ्या, माझ्या करंगळीएवढ्याही नाहीत. एवढ्याशा त्या नळ्यांनी आमचं घर दोन महिने हलवलं होतं. टाके सुकले, पट्टी निघाली, चौथ्या दिवशी ती पायऱ्या चढायला बघत होती आणि मी तिला धरून ठेवत होते.

तांबड्याची सलाईनं संपली, गाठ गेली, त्याचंही ऑपरेशन झालं, कानाला खूण केलीय. जाईला मॅडमनी अजून दोन महिन्यांनी परत बोलावलंय टीव्हीटी बघायला, तोपर्यंत दर रविवारी अंघोळ घालताना मी स्वतः बघते.